चाकांवरची कबड्डी

(सामुदायिक रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. ज्या गटांना त्या दिवशी ऐकता आलं नाही, त्यांच्यासाठी छापत आहोत. शेवटी दिलेले प्रश्न गटाच्या बैठकीत जरूर घ्यावेत.)

रानात असाल तर रेडिओ बांधावर ठेवा, घरात असाल तर भाकरी थापता थापता ऐका. आज मी तुम्हाला एका खेळाची गोष्ट सांगणार आहे. बायकांचा खेळ. आणि तो मी स्वतः बसून, टाळ्या वाजवून पाहिलेला आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने अमेरिकेला होते. टेक्सस नावाचं राज्य आहे, तिथल्या ऑस्टिन शहरात. नात दोन महिन्यांची झाली, तेव्हा शेजारीण दारात येऊन म्हणाली, "शनिवारी माझा सामना आहे, आईंना घेऊन ये." ही शेजारीण दवाखान्यात नर्स. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने भरलेली, दोन मुलांची आई. मला वाटलं, हिच्या मुलाचा सामना असेल. लेक म्हणाली, "नाही गं आई, तिचाच."

जावयाने बाळ सांभाळलं आणि आम्ही मायलेकी निघालो.

खेळाचं नाव रोलर डर्बी. चाकांचे बूट घालून खेळतात. आपण जत्रेत पाहतो तसेच, पुढे दोन चाकं आणि मागे दोन चाकं. भलामोठा हॉल, गुळगुळीत फरशी, आणि तिच्यावर चिकटपट्टीने आखलेला लांबट गोल रस्ता, आपल्या खळ्याला ओढून लांब केल्यासारखा. पट्टीखाली दोरी घातलेली असते, म्हणजे खाली न बघताही पायाला हद्द कळते. हा गोल बाहेरून मोजला तर साधारण ९० फूट लांब. बायकांच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर, म्हणजे ४० फुटांच्या आत. तेव्हा त्याच्या दुपटीहून लांब झालं.

सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. गुडघ्याला, कोपराला, मनगटाला जाड गार्ड. दातांत रबरी कवच. आणि बायका किती तऱ्हेच्या! एक काडीसारखी, एक माझ्यासारखी आडवी, एकीचे केस पिकलेले, एक कॉलेजातली पोर. मी लेकीला विचारलं, "यांना निवडून घेतलं कुणी?" ती म्हणाली, "बघ तर आधी."

खेळ असा असतो

आता नीट ऐका, कारण पहिली दहा मिनिटं मला काहीच कळलं नव्हतं. यात चेंडू नाही, जाळी नाही, गोलही नाही.

प्रत्येक संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू. एका वेळी मैदानात पाच उतरतात. पाचांपैकी एकीच्या हेल्मेटवर चांदणीचं कापडी टोपण असतं. तिला म्हणतात जॅमर. उरलेल्या चौघी ब्लॉकर, म्हणजे अडवणाऱ्या. दोन्ही संघांच्या मिळून आठ ब्लॉकर पुढे घोळका करून उभ्या राहतात आणि दोघी जॅमर त्यांच्या मागे. शिट्टी झाली की जॅमरने तो घोळका फोडून पुढे जायचं, पूर्ण गोल फिरून परत मागून यायचं आणि पुन्हा फोडायचा. पहिल्या वेळी गुण नाही. दुसऱ्या वेळेपासून समोरच्या संघाची जेवढ्या ब्लॉकर ओलांडाल तेवढे गुण. चौघींना ओलांडलं की चार.

आपली कबड्डी डोळ्यांसमोर आणा. चढाई करणारी एकटी जाते आणि पकड करणाऱ्या साखळी धरतात, तसंच हे. फरक एवढाच, की इथे दोन्ही संघांची चढाई एकाच वेळी चालू असते. त्यामुळे ब्लॉकरला दोन कामं. समोरच्या जॅमरला अडवायचं आणि त्याच वेळी आपल्या जॅमरला वाट करून द्यायची. एका हाताने पोळी लाटायची, दुसऱ्या हाताने पोराला धरायचं. आपल्याला यात नवीन काय?

एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. त्याला जॅम म्हणतात. मग ३० सेकंदांची उसंत, की पुढच्या दहाजणी उभ्या. असा ३० मिनिटांचा एक भाग आणि मध्ये विश्रांती घेऊन दुसरा ३० मिनिटांचा.

आता यातली गंमत. जी जॅमर नियम न मोडता घोळक्यातून पहिली बाहेर पडते, तिला एक मोठा हक्क मिळतो. ती दोन्ही हात कमरेवर थापटून डाव कधीही थांबवू शकते. मला वाटलं, दोन मिनिटं मिळाली असताना कोण कशाला थांबवेल? पण विचार करा. तिने चार गुण घेतले आणि मागून समोरची जॅमर घोळक्याजवळ पोहोचली. तिला गुण मिळायच्या आत डाव बंद केला, की आपले चार पदरात आणि तिचं शून्य. आपली चढाईवाली सुद्धा एक गडी टिपला की मध्यरेषेकडे पळते, अजून एकाच्या लोभात अडकत नाही. तीच अक्कल.

आणखी एक युक्ती. ब्लॉकरपैकी एकीच्या हेल्मेटवर पट्टा असतो, ती पिव्हट. जॅमर दमली किंवा अडकली, तर ती डोक्यावरचं चांदणीचं टोपण काढून पिव्हटच्या हातात देऊ शकते. फेकायचं नाही, हातातच द्यायचं. मग पिव्हट जॅमर झाली. त्या दिवशी एका पोरीला तिघींनी असं घेरलं होतं की मुंगी जाणार नाही. तिने हात लांब करून टोपण पाठीमागे दिलं, आमच्या शेजारणीने ते घातलं आणि कडेकडेने निघून गेली. अख्खा हॉल उभा राहिला. मी पण.

धडक मारायची, पण नियमाने

तुम्ही म्हणाल, ही तर नुसती ढकलाढकली. मलाही तसंच वाटलं होतं. पण धडक कशाने मारायची आणि कुठे मारायची, याचे कडक नियम आहेत. खांदा, दंड, कंबर, नितंब, मांडीचा वरचा भाग, याने धक्का देता येतो. डोकं, कोपर, हाताचे पंजे आणि पाय वापरायचे नाहीत. पाठीत धडक द्यायची नाही. पाडण्यासाठी पाय आडवा घालायचा नाही. चूक झाली की पंच शिट्टी मारतो आणि त्या बाईला ३० सेकंद बाहेर खुर्चीवर बसावं लागतं. तिच्या जागी दुसरी येत नाही, संघ तेवढा वेळ एकीने कमी खेळतो. जॅमरच खुर्चीवर गेली, तर समोरच्यांना रान मोकळं! सात वेळा शिक्षा झाली, की त्या सामन्यातून बाहेरच.

खेळात एक पोर जोरात आपटली आणि उठेना. शिट्टी झाली. मैदानातल्या सगळ्या, दोन्ही संघांच्या, होत्या तिथे एक गुडघा टेकवून गप्प बसल्या. तिला धडक देणारी सुद्धा. दोघी मदतनीस धावल्या, पाय तपासला. पाच मिनिटांनी ती आधार घेऊन उठली, तेव्हा दोन्ही बाजूंनी टाळ्या झाल्या. लेक म्हणाली, असा रिवाजच आहे. दुखापत झाली की गुडघा टेकायचा.

सामना आमच्या शेजारणीचा संघ हरला. शेवटी दोन्ही संघांनी रांगेने एकमेकींच्या हातावर हात मारले. तरी ती बाहेर आली ती हसतच, दंडावर हा एवढा काळानिळा डाग घेऊन. मला दाखवत होती, जसं काही सोन्याची वाकी दाखवतेय!

मी विचारलं, "पडायची भीती वाटत नाही का?" लेकीने तिला सांगितलं. ती म्हणाली, नवीन बाई आली की आम्ही तिला पळायला नाही, आधी पडायला शिकवतो. हातपाय पसरून पडायचं नाही, अंग चोरून लहान होऊन पडायचं. गुडघ्यावर पडायचं, बोटं मुठीत घ्यायची म्हणजे कुणाचं चाक त्यांच्यावरून जाणार नाही. आणि पडल्या पडल्या उठायचं. त्यानंतर वेग. बरीच वर्षं अशी परीक्षा होती की पाच मिनिटांत मैदानाच्या २७ फेऱ्या मारता आल्या पाहिजेत, मगच सामन्यात उतरायचं. तिला ते जमायला आठ महिने लागले होते.

आपल्या मनाचं नाव

एक गोष्ट मला फार आवडली. खेळणाऱ्या बऱ्याच बायका पाठीवर खरं नाव लावत नाहीत. खेळासाठी स्वतःच एक नाव ठेवतात. शब्दांचे खेळ करून, हसू येईल पण समोरची जरा दबकेल, असं. आपल्याकडे करायचं झालं तर 'धडक धोंडाबाई' म्हणा ना!

तुम्ही हसलात, पण मी त्या हॉलमध्ये बसून गप्प झाले होते. लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवीन नाव लिहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मग अमक्याची बायको झाले, तमक्याची आई झाले. आणि इथे एक नर्सबाई, दोन लेकरांची आई, आपलं नाव आपण ठेवते आणि हजार माणसं त्या नावाने तिला हाका मारतात.

मी आठवीपर्यंत कबड्डी खेळले. तालुक्याला गेले होते. मग मोठी झाले आणि आजी म्हणाली, "पोरींनी अंगाला अंग लावून खेळायचं वय गेलं." झालं. त्यानंतर मी पळाले ती फक्त एसटी पकडायला.

मालक कोण?

घरी येताना मी शेजारणीला विचारलं, "किती पैसे मिळतात?" ती म्हणाली, "मिळत नाहीत, भरावे लागतात." दर महिन्याला प्रत्येकीची वर्गणी. बूट, गार्ड ज्याचे त्याने घ्यायचे. शिवाय काम. कुणी हिशेब बघायचा, कुणी नवीन बायकांना शिकवायचं, कुणी जाहिरात करायची. जी आज खेळत नाही ती दारात तिकीट फाडते. पंच आणि गुण लिहिणारे सुद्धा हौसेने येतात. वर्षाच्या शेवटी बैठक होते, हिशेब मांडला जातो, मतदान होतं.

मी म्हटलं, "अगं, हा तर बचत गट झाला!"

मग लेकीने मला या खेळाचा इतिहास वाचून दाखवला, आणि तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

रोलर डर्बी सुरू झाली १९३५ साली, शिकागो शहरात. लिओ सेल्टझर नावाच्या माणसाने ती काढली. तेव्हा अमेरिकेत मोठी मंदी होती, लोकांना स्वस्तातली करमणूक हवी होती. त्याने सुरुवातीपासून बायका आणि पुरुष दोघांनाही एकाच मैदानावर, एकाच नियमाने खेळवलं. त्या काळात ही मोठी गोष्ट. पुढे टीव्ही आला, खेळ देशभर पोहोचला. पण खेळाचा मालक एकच घराणं. खेळाडू पगारी. १९७३ साली मालकांनी धंदा बंद केला आणि खेळाडूंच्या हाती काही राहिलं नाही. नंतर कुणी कुणी तो खेळ पुन्हा काढला, पण त्यात तमाशा जास्त आणि खेळ कमी.

मग आलं २००१ साल आणि हेच ऑस्टिन शहर. एका माणसाने बायकांना गोळा केलं. म्हणाला, रोलर डर्बी पुन्हा काढू. बायका जमल्या. तो मात्र अर्धवट सोडून निघून गेला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि ठरवलं, आता जमलोच आहोत तर आपणच करू.

मैत्रिणींनो, इथपर्यंत ऐकलं तेव्हा मला आपला पापडाचा व्यापारी आठवला. आठवतो ना? "तुम्ही फक्त लाटा, बाकी मी बघतो," म्हणाला होता. तीन महिने आपण पहाटे उठून लाटले. माल घेऊन गेला तो पुन्हा दिसला नाही. पण आपणही गट मोडला नाही. आठवडे बाजारात स्वतः पाट मांडून बसलो.

पण ऑस्टिनची गोष्ट तिथे संपत नाही. खरा धडा पुढेच आहे. त्या बायकांपैकी चौघींनी पुढाकार घेऊन कंपनी काढली. मेहनत त्यांनी खूप केली, त्यात शंका नाही. पण निर्णय त्यांच्याच हातात राहिले. खेळणाऱ्या बाकीच्या विचारू लागल्या, हाडं आमची मोडतात, मग विम्याचं काय? पैशाचा हिशेब कुठे आहे? ठरवताना आम्हाला का विचारत नाही? वाद वाढला. २००३ साली बहुतेक खेळाडू बाहेर पडल्या आणि त्यांनी वेगळी संघटना केली, टेक्सस रोलरगर्ल्स. नियम असा, की जी खेळेल तीच मालकीण. मागे राहिलेल्या बायकांनीही आपला खेळ बंद केला नाही, त्या त्यांच्या पद्धतीने खेळत राहिल्या.

बाहेर पडलेल्यांपाशी एक अडचण होती. जुना खेळ कडेने उंच होत जाणाऱ्या लाकडी मैदानावर व्हायचा, विहिरीतल्या मोटारसायकलवाल्याचं फळकुट असतं तसा उतार. ते बांधायला खूप खर्च. यांच्याकडे पैसे नव्हते. त्यांनी सपाट फरशीवर दोरी आणि चिकटपट्टी लावली आणि तिथेच खेळ मांडला. त्या अडचणीनेच खेळ वाढवला बघा! कारण दोरी आणि पट्टी कुठल्याही गावातल्या बायकांना परवडते. गावोगाव संघ निघाले. २००४ मध्ये अशा संघटना एकत्र आल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या महासंघाला नाव मिळालं, विमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशन. सभासद व्हायचं तर संघटनेची निम्म्याहून जास्त मालकी खेळणाऱ्यांचीच असली पाहिजे, ही त्यांची अट. नियमांचं पुस्तक त्यांनी मिळून लिहिलं, विम्याची सोय मिळून केली. पुढे जगभरातून ४०० च्या वर संघटना त्यात आल्या. २०११ साली कॅनडातल्या टोरांटोला पहिला विश्वचषक झाला, त्यात १३ देशांच्या बायका खेळल्या.

आता मी हे तुम्हाला का सांगतेय?

व्यापारी पळाला तेव्हा आपण म्हणालो, आता आपल्याला कुणी फसवणार नाही, आता गट आपला. पण गेली चार वर्षं पासबुक माझ्याच कपाटात होतं. सही माझी आणि सचिवबाईंची. मी कधी एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, हे देवाला ठाऊक. पण देवालाच ठाऊक, तुम्हाला नाही! तुमच्यातल्या दोघी-तिघी बैठकीला यायच्या बंद झाल्या, तेव्हा मी म्हणत होते, "यांना गटाची कदरच नाही." त्या हॉलमधून येताना पहिल्यांदा मनात आलं, की यांना कदर नाही, की यांना कुणी विचारलं नाही? पंचसूत्री आपण भिंतीवर लावली आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट हिशेब. त्यातला हिशेब मी लिहीत होते, पण मोठ्याने वाचत नव्हते. मालक बाहेरचाच असतो असं नाही. न कळत आपल्यातलीच एखादी मालक होऊन बसते. या वेळी ती मी होते.

परत आल्यावर पहिल्या बैठकीत मी पासबुक सतरंजीवर ठेवलं. थोडी वादावादी झाली, ती तुम्ही ऐकलीच. एक जण म्हणाली, "मला लिहिता येत नाही, मी काय हिशेब ठेवू?" मग ठरलं की लिहायचं सुनेने, पण बैठकीत वाचायचं आणि विचारायचं सगळ्यांनी. पदं दर दोन वर्षांनी फिरवायची. आणि ज्या दोघी येत नव्हत्या, त्यातली एक परत आली आहे. दुसरी अजून नाही. तिच्याकडे मी स्वतः जाणार आहे.

आणि एक. येत्या ८ मार्चला हळदीकुंकू, भाषणं होतीलच, पण त्याआधी शाळेच्या मैदानावर कबड्डी आहे. सून विरुद्ध सासू नाही हं, चिठ्ठ्या टाकून संघ करायचे. वयाची अट नाही, वजनाची तर मुळीच नाही. काष्टा घाला नाहीतर पोरींच्या ट्रॅकपँटी घाला. गुडघे दुखणाऱ्यांनी गुण लिहायचे, पंच व्हायचं, पाणी द्यायचं. ज्या खेळतील त्यांनी आधी दोन दिवस संध्याकाळी यायचं. काय शिकायला? पडायला!

बरं, येते मी. पुन्हा भेटू. नमस्कार.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या गटाचं पासबुक आत्ता कुणाकडे आहे? शेवटचा हिशेब सगळ्यांसमोर कधी वाचला?

२. कष्ट सगळ्यांचे आणि निर्णय थोड्यांचे, असं आपल्या गटात कुठे होतं का? जी बैठकीला येत नाही, तिला कारण कुणी विचारलं?

३. आपल्या कामात कुणाला दुखापत झाली, कुणी आजारी पडली, तर खर्चाची सोय काय?

४. तुम्ही शेवटचं कधी खेळलात? का थांबलात? आणि स्वतःचं नाव स्वतः ठेवायचं झालं, तर काय ठेवाल?